घरून काम केलं तर दिव्यांगाची पेन्शन जाते का? सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

“परत विड्या वळायला बसले तर माझी पेन्शन कट होईल का ओ?”

पूर्व भागातल्या एका वहिनींनी मला हे विचारलं, तेव्हा त्यांनी दोन वर्षं सूप मांडीवर घेतलेलं नव्हतं. उजवा पाय पक्षाघाताने गेलेला, ५५ टक्क्यांचं प्रमाणपत्र, नवरा वारलेला, मुलगी अकरावीत. हात मात्र दोन्ही चांगले, आणि विडी तर घरी बसूनच वळायची. पण ‘काम करताना दिसलीस तर नाव कापतील’ असं कोणीतरी सांगून गेलं आणि त्या भीतीपायी दोन वर्षांची कमाई बुडाली. त्याच महिन्यात अगदी उलटं प्रकरणही समोर आलं. जुळे सोलापुरातला एक मुलगा घरून कंपनीचे फोन घ्यायचा, पगार बरा होता, आणि निराधार पेन्शनही चालूच ठेवली होती. उत्पन्नाचा नवा दाखला मागितला गेला तेव्हा घरच्यांची झोप उडाली.

ओळखीपाळखीच्यांचे हे अर्ज मी बरीच वर्षं भरून देतो आहे, आणि दर वेळी गोंधळ तोच असतो. ‘दिव्यांगांचा लाभ’ ही एकच गोष्ट आहे असं लोक धरून चालतात. खरं तर लाभ वेगवेगळे आहेत आणि ते तीन निराळ्या मापांनी मोजले जातात. पहिलं माप शरीराचं. त्यावर प्रमाणपत्र मिळतं. दुसरं माप घरच्या उत्पन्नाचं. त्यावर निराधार पेन्शन ठरते. तिसरं माप कमावण्याच्या ताकदीचं; त्यावर कामावरच्या अपघाताची भरपाई आणि भविष्य निर्वाह निधीतली अपंगत्व पेन्शन ठरते. घरून केलेलं काम या तिन्हींना वेगवेगळ्या तऱ्हेने लागतं. म्हणून आधी आपल्याला कुठला लाभ मिळतो किंवा हवा आहे ते कागदावर लिहा, आणि मग खालचा तेवढा भाग नीट वाचा.

पहिली पायरी: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता २१ आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, सिकल सेल, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार हे सगळे त्यात येतात. ‘हातपाय तर शाबूत आहेत, मला कुठलं प्रमाणपत्र’ असं म्हणून घरी बसलेले कितीतरी लोक प्रत्यक्षात पात्र असतात. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, या दोन्हींसाठी अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर करायचा. मोबाइलवरून होतो, नाहीतर महा ई-सेवा केंद्रातून करून घ्या. आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जातच रुग्णालय निवडायचं असतं. शहरातले बहुतेक लोक सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय निवडतात. करमाळा, सांगोला, माळशिरस अशा लांबच्या तालुक्यांतल्यांनी मात्र पोर्टलवरच्या यादीत आपल्याला जवळचं रुग्णालय आहे का ते आधी पाहावं. कुबड्या घेऊन शंभर किलोमीटर यायचं आणि डॉक्टर त्या दिवशी नाहीत म्हणून परत जायचं, हे मी पाहिलेलं आहे.

कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो: ४० च्या आत पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० किंवा जास्त असेल तर निळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. अर्जापासून तीन महिन्यांत प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि ज्या अर्जावर दोन वर्षं काही निर्णय झाला नाही तो आपोआप निष्क्रिय होतो, मग नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून अर्ज टाकून विसरू नका. अर्ज क्रमांक घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

तपासणीला जाताना जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमआरआय, कानाची तपासणी, जे असेल ते तारखेच्या क्रमाने लावून न्या. डॉक्टरांपुढे रांग मोठी असते, तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात. म्हणून अर्ध्या पानावर लिहून ठेवा: त्रास कधीपासून, कुठल्या शस्त्रक्रिया झाल्या, कुठली औषधं चालू आहेत, दिवसभरात कुठल्या कामाला दुसऱ्याचा हात लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे. घरून काम करता म्हणून प्रमाणपत्र नाकारलं जातं का? हातापायाचं, डोळ्यांचं, कानाचं अपंगत्व मोजताना शरीराची हानी मोजतात: सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर आहे, नजर किती, ऐकू किती येतं. तुम्ही घरी बसून लाखभर कमावता की शून्य, याने ती टक्केवारी हलत नाही.

मानसिक आजाराचं मात्र वेगळं आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. तिथे ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टींना गुण देतात: स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं, आणि काम. म्हणजे कामाचा प्रश्न तिथे थेट येतो. स्किझोफ्रेनिया असलेला मुलगा आईच्या देखरेखीखाली दिवसाला दोन तास पाकिटं चिकटवत असेल, तर ‘काही करत नाही’ असं सांगू नका, आणि ‘घरून काम करतो’ एवढ्यावरही थांबू नका. सगळं सांगा: दोन तासांत किती वेळा उठतो, आईने किती वेळा आठवण करावी लागते, महिन्यातले किती दिवस बसतच नाही, याआधीची कामं का सुटली. खोटं सांगितलं तर पुढच्या तपासणीत उघडं पडतं. अर्धवट सांगितलं तर टक्के कमी लागतात.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते. ती संपायच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाला लागा, नाहीतर त्यावर चालणारे बाकीचे लाभही अडकतात.

दुसरी पायरी: निराधार पेन्शन आणि घरची कमाई

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठीच्या मुख्य अटी अशा: वय १८ ते ६५, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. बाकीच्या निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० आहे, त्यामुळे कुणी ‘२१ हजारांच्या वर आहे, बसत नाही’ म्हणून परत पाठवलं तर दिव्यांगांची मर्यादा वेगळी आहे हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. रक्कम पूर्वी महिना १,५०० होती. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग योजना लागते. तिच्यात केंद्राचे ३०० रुपये असतात, उरलेले राज्य घालतं.

अर्ज आपल्या तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, वास्तव्याचा आणि वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि आधार जोडलेलं बँक खातं. खात्याला आधार जोडलेलं आहे की नाही हे बँकेत जाऊन विचाराच. मंजुरी मिळूनही पैसे न येण्याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

अटी पुन्हा एकदा वाचा. ‘काम करू नये’ अशी अट त्यांत नाही. अट उत्पन्नाची आहे, आणि तीही कुटुंबाच्या. म्हणून वहिनींच्या बाबतीत आम्ही जे केलं ते तुम्हीही करा: वही घ्या आणि हिशेब मांडा.

५०,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला साधारण ४,१६० रुपये. घरात दुसरं कोणी कमावत नसेल तर घरच्या कामातून तेवढे आले तरी पेन्शनला धक्का नाही. समजा महिना ४,००० मिळाले. वर्षाचे ४८,०००, वर पेन्शनचे ३०,०००, एकूण ७८,०००. आता काम वाढवलं आणि महिना ५,५०० झाले, तर वर्षाचे ६६,००० होतात, पण पेन्शन जाते. म्हणजे जास्त राबून घरात १२,००० कमी. नुसत्या कामावर ७८,००० मिळवायचे तर महिन्याला ६,५०० लागतात. ही ४,२०० ते ६,५०० मधली पट्टी खड्ड्यासारखी आहे. तिथे अडकू नका. त्याच्या अलीकडे राहा, किंवा काम पक्कं आणि सलग असेल तर सरळ पलीकडे उडी मारा.

पलीकडे जायचं ठरवलं तर माझं मत स्पष्ट आहे. महिना १०-१२ हजारांचं, बँकेत पगार येणारं, वर्षभर टिकणारं काम मिळत असेल तर २,५०० साठी ते सोडू नये. योजना शाखेत लेखी कळवा, अर्जाची पोच घ्या. काम गेलं तर नव्या उत्पन्नाच्या दाखल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. प्रमाणपत्र तुमच्याकडेच राहतं. लपवून दोन्ही घेणं मात्र धोक्याचं आहे. पगार बँकेत येतो, आधार दोन्हीकडे एकच असतो, आणि वसुली निघाली तर ती गरिबाच्या घरात फार जड जाते.

घरात नवरा, मुलगा, सून कमावते असतील तर बहुधा तुमचं काम येण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते. मग पेन्शनच्या भीतीने घरी रिकामं बसण्यात काहीच अर्थ उरत नाही.

बहिणींसाठी एक सूचना: दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण योजनेत नाव बसत नाही. दोन्हीचे अर्ज एकदम करू नका.

तिसरी पायरी: कामावर असताना अपंगत्व आलं असेल तर

सोलापुरात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात दुर्लक्षित. यंत्रमागात बोटं जातात, कारखान्याच्या वाटेवर अपघात होतो, आणि घरचे प्रमाणपत्र काढून निराधार पेन्शनच्या रांगेत उभे राहतात. त्याहून मोठा हक्क दुसरीकडे पडून असतो.

आधी विडी कामगार बायकांबद्दल. घरी विडी वळणारी बाई ही ‘कामगार’ आहे, तिला पान-तंबाखू देणारा तिचा मालक आहे, हे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानेच मान्य केलं होतं (तो कायदा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत घेतला गेला). आणि घरखेप, म्हणजे घरी बसून वळणाऱ्या, विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी (पीएफ) लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच मान्य केलं आहे. म्हणजे घरून काम आणि कामगाराचे हक्क ही सांगड संगणकाच्या कितीतरी आधी विडी वळणाऱ्यांनी मिळवलेली आहे. पीएफ कापला जात असेल तर १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजनाही आपोआप असते. तिच्यात नोकरी चालू असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शन मिळते, आणि त्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. किमान पेन्शन महिना १,००० रुपये. अर्ज दहा-डी या नमुन्यात, पीएफ कार्यालयात. ते वैद्यकीय मंडळापुढे पाठवतात.

इथे ‘पूर्ण अपंगत्व’ याचा अर्थ नीट समजून घ्या. अपंगत्व येताना तुम्ही जी जी कामं करू शकत होता, ती सगळी आता करता येत नाहीत, असा तो अर्थ आहे. म्हणून घरच्या कामाचा प्रश्न इथे खरोखर अडचणीचा ठरतो. दोन्ही हातांची बोटं संधिवाताने वाकडी झालेल्या बाईला विडी वळता येत नाही, शिलाईही जमत नाही, तर तिचा दावा भक्कम. आमच्या वहिनींचा पाय गेला आहे पण हात चांगले आहेत, विडी वळता येते. त्यांना ही पेन्शन मिळणं अवघड, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. हेलपाटे वाचले.

आता अपघाताची भरपाई. १९२३ पासूनचा कामगार भरपाईचा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेला आहे. त्यात शरीराचे टक्के हा शेवटचा शब्द नसतो. कमाईची ताकद किती गेली हे पाहतात. १९७५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं होतं की हानी अंशतः आहे. न्यायालयाने म्हटलं, सुतारकाम दोन हातांनी होतं, एका हाताचा सुतार ते काम करू शकत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण. मोटार अपघातांच्या दाव्यांतही २०१० च्या निकालापासून हेच तत्त्व स्पष्ट आहे: हात गेला तर चालकाचं जवळजवळ सगळं उत्पन्न जातं, कारकुनाचं तेवढं जात नाही.

माग चालवणाऱ्याचे दोन पंजे निकामी झाले आणि पुढे तो घरून फोनवर मालाच्या ऑर्डरी घेऊ लागला, तर दावा संपतो का? नाही. पूर्वीची मजुरी आणि आताची कमाई यातला फरक हा त्याच्या दाव्याचा कणा आहे. म्हणून पगारपत्रक, हजेरी कार्ड, मजुरीची डायरी, मुकादमाच्या सहीची चिठ्ठी, जे काही अपघाताआधीचं असेल ते जपा. नवं काम वकिलापासून लपवू नका. समोरची बाजू ते शोधून काढते, मग खऱ्या गोष्टीवरही विश्वास राहत नाही. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो, पण तेवढं थांबूच नका; सोबत काम करणारे साक्षीदार कारखाना बदलतात, गाव सोडतात.

राज्य कामगार विमा (ईएसआय) असेल तर भरपाईचा दावा मालकाविरुद्ध न होता विमा महामंडळाकडे जातो. दिव्यांग कामगारांसाठी विम्याची पगारमर्यादा महिना २५,००० आहे, इतरांना २१,०००. आणि इथे घरून काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अपघातानंतर बरे होईपर्यंत मिळणारा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, तसाच आजारपणाचा लाभ, ज्या दिवशी तुम्ही काम केलंत त्या दिवसासाठी मिळत नाही. मालक म्हणाला ‘घरीच आहेस तर लॅपटॉपवर थोडी बिलं काढून दे’, आणि तुम्ही काढलीत, तर त्या दिवसाचा लाभ अडचणीत येतो. डॉक्टरांनी विश्रांती लिहिली आहे तोवर काम घेऊ नका. कायमच्या अपंगत्वाची रक्कम मात्र वेगळी: ती कमाईची ताकद जितकी गेली त्या प्रमाणात कायम मिळत राहते, नंतर तुम्ही घरून काम करा की बाहेर.

घरातल्या प्रत्येकाचं बँक पासबुक उघडून वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा योजनेची कपात दिसते का तेही बघा. अपघातात एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख मिळतात. पैसे कापले जातात आणि विमा आहे हेच घरच्यांना ठाऊक नसतं. शेतकरी कुटुंबांनी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच जावं.

चौथी पायरी: नोकरी आहे, घरून करायची परवानगी हवी आहे

घरून काम हा कायद्याने थेट दिलेला हक्क नाही. कायद्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे: दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून, मालकावर अवाजवी भार न टाकता केलेला बदल. घरून काम त्याखाली मागता येतं. सरकारी आस्थापनांना अशी सोय देणं बंधनकारक आहे. शिवाय नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून त्यांना कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. ते पद जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यावं लागतं. खासगी आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करावं असं कायदा सांगतो. ते धोरण मागून घ्या, आणि त्यातलीच वाक्यं अर्जात वापरा.

अर्ज कसा लिहावा यावर बरंच अवलंबून असतं. ‘माझी प्रकृती ठीक नसल्याने घरून काम करण्याची परवानगी मिळावी’ असा अर्ज वाचणाऱ्याला नाही म्हणणं सोपं जातं, कारण त्यात त्याच्या अडचणीचं उत्तर नाही. मी एका हिशेबनीस मुलीला लिहून दिलेल्या अर्जाचा मधला भाग असा होता:

“माझं काम रोजच्या नोंदी टॅलीत करणं, बिलं तपासणं आणि व्यापाऱ्यांना वसुलीचे फोन करणं हे आहे. ही तिन्ही कामं घरून होऊ शकतात. कागदी बिलं दर शनिवारी माझा भाऊ नेईल आणि सोमवारी परत आणून देईल. सकाळी दहा ते सहा मी फोनवर उपलब्ध असेन. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवशी ताळेबंदासाठी मी स्वतः येईन. तीन महिने असं करून पाहावं आणि नंतर कामाचा आढावा घेऊन निर्णय करावा, ही विनंती.”

सोबत यूडीआयडी कार्डाची प्रत, आणि रोजचा प्रवास का झेपत नाही याची डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी. मालकाने तोंडी होकार दिला तरी लेखी घ्या. पगार, पीएफ, विमा पूर्वीसारखाच राहील हे वाक्य त्यात हवंच. घरून काम मिळालं पण हळूच पगारपत्रकावरून नाव काढून ‘कामाप्रमाणे पैसे’ सुरू झाले, असं घडताना मी पाहिलं आहे.

पाचवी पायरी: नवं काम घरून शोधताना

आपल्या शहरात घरबसल्या कामाची परंपरा जुनी आहे. गणवेशाच्या कारखान्यांची शिलाई, काज-बटण, टॉवेलची घडी आणि पॅकिंग, कडक भाकरी, शेंगा चटणी. खायचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. उद्यम नोंदणी मोफत होते, तिचे पैसे कोणाला देऊ नका. दमा किंवा क्षयामुळे फुप्फुसं अधू असतील तर विडीच्या तंबाखूजवळ बसू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

दृष्टिहीन असाल आणि संगणकाचं काम शोधत असाल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. यंत्र, मशीन, साहित्य घ्यायला पैसे नसतील तर महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा आणि मागच्या वर्षी किती खर्च झाले ते विचारा. विचारलं की निधी हलतो.

आणि एक कळकळीची सूचना. ‘घरबसल्या टायपिंग, महिना २५ हजार, नोंदणी फी फक्त ९९९’ अशा मेसेजना पैसे पाठवू नका. काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे मागत नाही. कुठे मराठी पानं टाइप करून घेतात, मग चुका दाखवून ‘करार मोडला’ म्हणून धमकावतात; घरातून बाहेर न पडणाऱ्या माणसाला अशी भीती फार बसते. तसं झालं तर घाबरून आणखी पैसे भरू नका, १९३० वर लगेच फोन करा.

सहावी पायरी: नकार मिळाला तर

नकार लेखी मागा. प्रमाणपत्राच्या टक्क्यांविरुद्ध ९० दिवसांत अपील करता येतं; त्यासोबत नवा तपासणी अहवाल जोडलात तर अपिलाला वजन येतं. नोकरीतला भेदभाव किंवा सोय नाकारली असेल तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात चालते. दाखले वेळेत मिळत नसतील तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील आहे. अर्जाची पोच असेल तरच ते लढवता येतं, म्हणून पोचेशिवाय खिडकीवरून हलू नका.

वहिनींनी सूप पुन्हा काढलं आहे. वहीत त्या रोजच्या विड्या आणि महिन्याची मजुरी लिहितात, दर महिन्याला मुलगी बेरीज करते, आणि ४,००० च्या जवळ आकडा आला की मला दाखवतात. तुम्हीही फाइल बनवाल तेव्हा तीत पहिल्या पानावर कार्डाचा क्रमांक, प्रमाणपत्राची मुदत, हयातीच्या दाखल्याचा महिना आणि सगळ्या अर्जांची पोच ठेवा. आणि पोर्टलवर, बँकेत, तहसिलीत सगळीकडे मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. केंद्र चालवणाऱ्याचा नंबर टाकला की पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि दर वेळी त्याच्या दारात उभं राहावं लागतं.